दादा तेराशे म्हणतात, मामा तीन हजार. घरच्या कंपनीच्या शेअरची रास्त किंमत किती?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमच्या घरच्यांची फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे, प्रायव्हेट लिमिटेड. एकूण ४०,००० शेअर, दर्शनी किंमत ₹१००, सभासद नऊ. वडिलांचे ३,२०० शेअर, म्हणजे ८ टक्के, त्यांच्या पश्चात माझ्या नावावर झाले. कारखाना माझे चुलतभाऊ चालवतात. दादा म्हणतात, "नफ्याच्या पाचपट धरून शेअरला ₹१,३०० देतो, मोकळी हो." ताळेबंदावरून बुक व्हॅल्यू (मालमत्ता वजा देणी) शेअरमागे ₹१,८०० निघते. मामा म्हणतात, नुसता प्लॉटच पाच कोटींचा आहे, तीन हजारांच्या खाली सही करू नकोस. गेली सहा वर्षं लाभांश नाही. ३१ मार्च २०२५ चा ताळेबंद, टिपा आणि पाच वर्षांचे नफा-तोटा पत्रक सोबत जोडले आहे. मी बी.कॉम. आहे, आकड्यांना घाबरत नाही. रास्त किंमत कशी काढायची ते सांगा.
— एक वाचक, सांगली

उत्तर: तिन्ही आकडे एकाच कंपनीच्या हिशेबांच्या आधाराने निघालेत, त्यामुळे तिन्ही खरे वाटतात. दादांनी एका वर्षाचा नफा घेतला: १०४ लाख भागिले ४०,००० म्हणजे शेअरमागे ₹२६०, गुणिले पाच. पाचच का, चार किंवा आठ का नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे असेल असं वाटत नाही. मामांनी ७२० लाखांच्या नक्त मूल्यात जागेचे ५०० लाख मिळवले आणि भागाकार केला, ₹३,०५०. बुक व्हॅल्यू या दोघांपेक्षा बरी, पण ती सुरुवात आहे, उत्तर नव्हे.

आकडेमोडीआधी कंपनीचे आर्टिकल्स (अंतर्गत नियमावली) काढून वाचा. प्रायव्हेट कंपनीत सहसा असं कलम असतं की शेअर विकायचे झाल्यास आधी बाकीच्या सभासदांना द्यायचे, आणि किंमत 'ऑडिटर ठरवतील ती रास्त किंमत'. तसं असेल तर तुमचा हिशेब ऑडिटरसमोर मांडायचा आहे, दादांसमोर नाही. आर्टिकल्स कंपनीकडे मागा. टाळाटाळ झाली तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून मिळतात. जुने ताळेबंदही तिथेच सापडतील.

आता पद्धत. तुम्ही पाठवलेल्या कागदांसाठी आम्ही 'उरलेल्या नफ्याची' पद्धत वापरू. तत्त्व एका वाक्यात मावतं: कंपनीची किंमत म्हणजे दुरुस्त केलेली बुक व्हॅल्यू, अधिक भांडवलावर जेवढा परतावा मिळायलाच हवा त्याच्या वर कंपनी जो नफा कमावते त्याचं आजचं मोल. कंपनी भांडवलाला साजेसाच परतावा देत असेल तर तिची किंमत बुक व्हॅल्यूइतकी. त्याहून कमी देत असेल तर बुक व्हॅल्यूच्या खाली, मग राखीव निधी कितीही गब्बर दिसो.

बुक व्हॅल्यू दुरुस्त करणे

सगळे आकडे लाखांत. भागभांडवल ४०, राखीव ६८०, मिळून ७२०. मालमत्तेच्या बाजूला जागा व शेड ९०, यंत्रं ३८०, शेअर गुंतवणूक १२, संचालकांच्या दुसऱ्या फर्मला दिलेलं कर्ज ८५, माल साठा २६५, येणी ४२०, रोख व बँक ५८, इतर ९०. एकूण १,४००. बाहेरची देणी ६८०. यातल्या निम्म्या ओळी टिपा न वाचता कळत नाहीत.

येणी आधी बघा. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये २०२१ साली बदल झाल्यापासून येण्यांची वयवारी (कोणती रक्कम किती जुनी) टिपांत द्यावीच लागते, लहान कंपनीलाही. तुमच्या टिपेत तीन वर्षांपेक्षा जुनी येणी ३४ लाख आणि दोन ते तीन वर्षांची १८ लाख आहेत, आणि बुडीत म्हणून तरतूद शून्य. कास्टिंगच्या धंद्यात तीन वर्षं न आलेली रक्कम म्हणजे बहुधा रिजेक्शनवरून अडलेलं बिल. गिऱ्हाइकाने डेबिट नोट (रक्कम कापल्याची चिठ्ठी) कधीच काढलेली असते, इकडच्या खात्यात मात्र ती चढलेली नसते. ३४ पूर्ण वजा करा, १८ तले निम्मे. झाले ४३.

येण्यांचे दिवस मोजताना एक चूक हमखास होते. ४२० ला २,३५० च्या विक्रीने भागून ३६५ ने गुणलं की ६५ दिवस येतात आणि उधारी फार वाटते. पण येण्यांत जीएसटी धरलेला असतो, नफा-तोटा पत्रकातल्या विक्रीत नसतो. विक्रीवर १८ टक्के चढवून पुन्हा भागा: ५५ दिवस. एकूण उधारी वावगी नाही, शेपूट तेवढं सडलं आहे.

साठ्यात तयार मालाच्या ओळीत नाकारलेलं कास्टिंग उत्पादन खर्चाने धरलेलं असेल, तर त्याची खरी किंमत भंगाराची. ते पुन्हा भट्टीत जाणार, म्हणजे वीज, मोल्डिंग आणि मजुरी बुडाली. लेखा मानक २ प्रमाणे साठा खर्च किंवा मिळू शकणारी नक्त किंमत यांपैकी कमी असेल त्याने धरायचा असतो. तुम्ही लिहिलंय की आवारात जुन्या गिऱ्हाइकांच्या मालाचे ढीग पडून आहेत. किती टन, हे कंपनीकडे विचारा. उत्तर येईपर्यंत २० लाख वजा धरा. बँकेला दर तिमाहीला दिलेली स्टॉक स्टेटमेंट ताळेबंदाशी जुळतात की नाही, हेही टिपांत लिहावं लागतं. ती ओळ जरूर वाचा. बँकेकडे साठा जास्त आणि ताळेबंदात कमी, किंवा उलट, असं दिसलं तर साठ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

येणी आणि साठा मिळून ६३ गेले. हा तोटा खाती टाकला की कर वाचतो. कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दरात असेल तर अधिभार आणि उपकर धरून दर २५.१६८ टक्के पडतो, आपण २५ धरू. नक्त वजावट ४७.

ग्रॅच्युइटी हा लहान कारखान्यांच्या ताळेबंदातला नेहमीचा खड्डा. तुमच्या टिपेत 'ग्रॅच्युइटी प्रत्यक्ष देताना खर्ची टाकली जाते' असं वाक्य आहे. याचा अर्थ ६२ कामगारांची साठलेली ग्रॅच्युइटी देणी म्हणून कुठेच नाही. ढोबळ हिशेब असा: मूळ पगार अधिक महागाई भत्ता सरासरी ₹१६,०००, गुणिले १५, भागिले २६, म्हणजे वर्षाला ₹९,२३१. सरासरी सेवा ११ वर्षं धरली तर माणशी ₹१,०१,५३८, आणि ६२ जणांचे सुमारे ६३ लाख. हे पगार आणि सेवा आम्ही तुमच्या माहितीवरून धरलेत. अ‍ॅक्च्युअरीचा (अशा देण्यांचा अंदाज काढणाऱ्या तज्ज्ञाचा) आकडा वेगळा येईल. कर वजा जाता ४७. एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी पॉलिसी असेल आणि तिच्यात पुरेसा फंड असेल तर ही वजावट काढून टाका, मात्र पॉलिसीचं पत्रक डोळ्यांनी पाहून.

जीएसटीची ३६ लाखांची मागणी अपिलात आहे आणि 'संभाव्य देणी' म्हणून टिपेत फक्त उल्लेख आहे. पूर्ण वजा करणं अन्यायाचं, शून्य धरणं भोळेपणाचं. इनपुट क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा) वाद आहे आणि पुरवठादाराने कर भरल्याचे कागद कंपनीकडे बरेचसे आहेत असं तुम्ही लिहिता, म्हणून एक तृतीयांश, १२ लाख.

दोन गोष्टी वजा नाही, बाजूला काढायच्या, कारण त्यांचा ओतकामाशी संबंध नाही. पहिली, शेअर गुंतवणूक. ताळेबंदात ती खरेदीच्या १२ लाखांना आहे, कारण दीर्घ मुदतीची गुंतवणूक लेखा मानक १३ प्रमाणे खरेदी किमतीनेच दाखवतात. बाजारभाव ७० लाख, वाढीव ५८ वर १२.५ टक्के कर सुमारे ७, हाती ६३.

दुसरी, संचालकांच्या फर्मला दिलेलं ८५ लाखांचं बिनव्याजी कर्ज, तीन वर्षं जसंच्या तसं. इथे बरेच सल्लागार सावधगिरी म्हणून ते बुडीत धरतील. आम्ही पूर्ण ८५ धरू. कारण साधं आहे: ज्यांनी पैसे परत करायचे तेच तुमचे शेअर विकत घेताहेत. कर्ज फिटणार नाही म्हणून किंमत पाडा, असं त्यांना म्हणता येत नाही. शिवाय कंपनी बँकेच्या कॅश क्रेडिटवर १० टक्के व्याज भरते आणि त्याच पैशातून ८५ लाख फुकट वापरायला देते. हा मुद्दा पत्रात शांतपणे लिहा. चर्चेचा सूर बदलतो.

आता चालू धंद्याची दुरुस्त बुक व्हॅल्यू: ७२० मधून १२ आणि ८५ बाजूला काढले, राहिले ६२३. त्यातून ४७, ४७ आणि १२ वजा. ५१७ लाख.

नफा दुरुस्त करणे

पाच वर्षांचा करोत्तर नफा: २०२०-२१ मध्ये ३८, मग ९६, १२८, ११७ आणि २०२४-२५ मध्ये १०४. शेवटच्या वर्षात जुनी भट्टी विकल्याचे १४ लाख 'इतर उत्पन्ना'त आहेत. भट्टी दरवर्षी विकायला नसते. कर जाता १०.५ काढा, ९३.५ उरतात. म्हणजे नफा दिसतो त्याहून जोरात उतरतोय, हे मामांनाही सांगा.

कोणतं वर्ष धरायचं? ओतकामाची मागणी ट्रॅक्टर, मोटारी आणि पंप यांच्या चढउतारावर चालते, म्हणून एकच वर्ष धरणं चूक. पाचही वर्षांची सरासरी ९४.५ येते, कोविडचं वर्ष सोडून चारांची १०८.६. आम्ही मधला १०० धरतो. यात मताचा भाग आहे, आणि तो तुम्ही बदलू शकता.

मग दुरुस्त्या. ग्रॅच्युइटीचा दरवर्षीचा न टाकलेला खर्च सुमारे ५, कर जाता ४ वजा. बुडीत येणी आणि सडका साठा वर्षानुवर्षं न टाकल्यामुळे नफा फुगत आलाय, त्याचे वर्षाला ८ वजा. कंपनीच्या शेअर गुंतवणुकीवर मिळणारा लाभांश १ वजा, कारण ते शेअर आपण वेगळे मोजले. ही दुहेरी मोजणी फार जण करतात.

राहिला संचालकांचा पगार. दोन संचालक मिळून ९६ लाख घेतात. एवढ्या कारखान्याला एक जाणता वर्क्स मॅनेजर आणि एक हिशेब-विक्री पाहणारा माणूस ५६ लाखांत मिळत असेल, तर ४० लाख हा पगाराच्या रूपाने घेतलेला नफाच. लाभांश सहा वर्षं का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. कर जाता ३० मिळवा. दादा म्हणतील, अल्पमतातल्या भागधारकाला पगार कमी करायचा अधिकार नाही. खरं आहे. परक्या माणसाला शेअर विकले असते तर हे ३० धरता आले नसते, कारण त्यालाही तो पगार कमी करता आला नसता. पण इथे घेणारे दादाच आहेत, आणि ते ३० त्यांच्याच घरात जातात. म्हणून दोन्ही आकडे ठेवा: पगाराची दुरुस्ती धरून ११७, न धरता ८७.

घसाऱ्यावरही नजर टाका. तुमची कंपनी कायद्याच्या व्याख्येत 'लहान' आहे, त्यामुळे रोख प्रवाह पत्रक जोडणं बंधनकारक नाही आणि ते तुमच्या कागदांत नाहीच. पण स्थावर-जंगम मालमत्तेच्या टिपेत दरवर्षीची नवी खरेदी असते. पाच वर्षांची बेरीज घसाऱ्याच्या बेरजेच्या आसपास आहे, म्हणून आम्ही काही बदललं नाही. खरेदी बरीच कमी असती तर भट्टी आणि मोल्डिंग लाइन जुनी होत चालली आहे आणि मोठा खर्च पुढे उभा आहे असं समजायचं.

परतावा किती हवा

या जोखमीच्या, विकायला कठीण अशा शेअरवर आम्ही १६ टक्के धरतो. सरकारी रोख्यांचा साडेसहा-सात, त्यावर शेअर म्हणून सहा-सात, आणि कंपनी छोटी, गिऱ्हाइकं मोजकी, शेअर बाजारात विकता न येणारा, म्हणून आणखी तीन. पडताळा असा: बँक तारण घेऊन १० टक्के घेते, मागे उभ्या राहणाऱ्या मालकाला त्याहून बरंच जास्त मिळायला हवं.

५१७ वर १६ टक्के म्हणजे ८२.७. नफा ११७. वर उरले ३४.३. ही वरकड कमाई कायम टिकत नाही. नवे कारखाने येतात, गिऱ्हाईक भाव पाडतं. दरवर्षी आदल्या वर्षाच्या ७० टक्के उरते असं धरलं तर तिचं आजचं मोल ३४.३ भागिले (१.१६ − ०.७०), म्हणजे सुमारे ७४.५ लाख.

५१७ अधिक ७४.५ अधिक शेअर गुंतवणूक ६३ अधिक कर्ज ८५: एकूण ७३९.५ लाख. शेअरमागे सुमारे ₹१,८५०. पगाराची दुरुस्ती न धरता वरकड ४.३ च उरते आणि शेअरमागे ₹१,६९० च्या आसपास येतं.

₹१,८५० बुक व्हॅल्यूच्या इतकं जवळ आलं हा योगायोग आहे. आत सगळं बदललं आहे: एका बाजूने शंभराहून अधिक लाख वजा झाले, दुसऱ्या बाजूने वरकड नफा आणि शेअर गुंतवणुकीची वाढ मिळाली. पुढच्या वर्षी हीच बेरीज भलतीकडे जाईल.

या पद्धतीचा मोठा फायदा वादाच्या वेळी कळतो. दर १६ ऐवजी १४ धरा, ₹१,९१६ येतात. १८ धरा, ₹१,७८७. फरक ₹१२९. हेच नुसत्या नफ्याला दराने भागलं असतं, तर १४ टक्क्यांना ८३६ लाख आणि १८ टक्क्यांना ६५० लाख, म्हणजे शेअरमागे ₹४६५ चा फरक. किमतीचा मोठा भाग ताळेबंदात, डोळ्यांसमोर असल्यामुळे दराच्या अंदाजाला खेळायला जागा कमी राहते. दादांनी दोन टक्के इकडचे तिकडे केले तरी तुमचं फार बिघडत नाही. मात्र येणी आणि साठ्याची वजावट चुकली तर बिघडतं, म्हणून वेळ तिथे घालवा.

मामांची जागा

प्लॉट एमआयडीसीचा आहे, भाडेपट्ट्याचा. कंपनी त्याची पूर्ण मालक नाही. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. तरी जागेला मोल आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की ते नफ्यावर आणखी मिळवता येतं का. कारखाना त्याच जागेवर चालतो म्हणून ११७ लाख मिळतात. म्हशीची किंमतही घ्यायची आणि तिच्या पुढच्या सगळ्या दुधाचीही, असं चालत नाही.

आकड्यांत बघा. ताळेबंदात जागा ६ लाखांची आहे. ती ५०० केली तर बुक व्हॅल्यूत ४९४ मिळतात, पण त्यावर १६ टक्क्यांनी आणखी ७९ लाखांचा परतावा हवा होतो, आणि नफा एका रुपयाने वाढत नाही. हवा १६२, मिळतो ११७. जेवढं वर चढवलं त्यातलं बरंचसं खाली तुटीत जातं, आणि जागा कधीच विकणार नसतील तर जवळपास सगळंच जातं. यातून निघतं ते इतकंच की जागा विकून ओतकाम बंद करणं कदाचित जास्त फायद्याचं. ते ठरवायचा अधिकार ८ टक्क्यांना नाही, आणि ठरवलं तरी हस्तांतर शुल्क, भांडवली नफ्यावरचा कर, कामगारांची भरपाई आणि यंत्रं भंगारात गेल्याचा तोटा हे सगळं त्या पाच कोटींतून जाणार.

तरीही मामा अगदीच चुकीचे नाहीत. जागा १९८७ च्या भावाने पुस्तकात आहे, म्हणून वरकड नफ्याचा काही भाग स्वस्त जागेतून येतो, आणि तो स्पर्धेने लवकर विरत नाही. त्यासाठी टिकण्याचं प्रमाण ७० वरून ८५ टक्के करा: ३४.३ भागिले ०.३१, सुमारे ११०.६, आणि शेअरमागे ₹१,९४०. शिवाय प्लॉटचा एखादा भाग खरोखर मोकळा, नकाशाने वेगळा काढता येणारा असेल तर तो बाजूला मोजा. समजा एक तृतीयांश रिकामा आहे: १६७ लाखांतले शुल्क, कर आणि अडचणी जाऊन निम्मे धरले तर ८० च्या जवळपास, शेअरमागे ₹२००. मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय हे धरू नका.

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा करात आहे

शेअर बाजारात न नोंदलेले शेअर 'रास्त बाजारमूल्या'पेक्षा कमीला विकले तर प्राप्तिकर खातं विकणाऱ्याला ते मूल्य मिळालं असंच धरतं, आणि घेणाऱ्याचा फरक ₹५०,००० च्या वर असेल तर तो फरक त्याचं उत्पन्न म्हणून धरतं. नातेवाइकांना घेणाऱ्याच्या बाजूने सूट आहे, पण कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत चुलत भावंडं नाहीत. घरात कितीही 'दादा' असले तरी खात्याच्या लेखी ते परके.

हे मूल्य आपल्या पद्धतीने काढत नाहीत. त्याचं सूत्र ठरलेलं आहे, जुन्या नियमावलीतला नियम ११ यूए: बहुतेक मालमत्ता पुस्तकी किमतीने, शेअर गुंतवणूक बाजारभावाने, जमीन-इमारत मुद्रांक मूल्याने, त्यातून बाहेरची देणी वजा. तुमच्या आकड्यांवर: जागा-शेड आणि शेअर सोडून मालमत्ता १,२९८, शेअर ७०, आणि जागा-शेड पुस्तकी ९० नेच धरली, तरी बेरीज १,४५८. वजा ६८०, उरले ७७८. शेअरमागे ₹१,९४५. रेडी रेकनरने जागा-शेड ३१० झाली, तर ₹२,४९५. भाडेपट्ट्याच्या प्लॉटला मुद्रांक मूल्य लावायचं की नाही यावर वाद होतात, म्हणून त्या एका मुद्द्यावर सीएचं लेखी मत घ्या. सूत्राला ताळेबंद विक्रीच्या तारखेचा आणि ऑडिट झालेला लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील.

₹१,३०० ला व्यवहार झाला तर काय होतं? ₹१,९४५ धरले तरी फरक ₹६४५, गुणिले ३,२००, म्हणजे २०.६४ लाख. तुम्ही न मिळालेल्या पैशावर १२.५ टक्क्यांनी सुमारे २.५८ लाख कर भराल. दादा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर ६.१९ लाख, उपकर वेगळा. दोघांचं मिळून पावणेनऊ लाखांच्या वर, आणि ते ना तुमच्या घरात राहणार ना त्यांच्या. आपला हिशेब ₹१,६९० ते ₹१,९४० सांगतो आणि कराचं सूत्र ₹१,९४५ पासून सुरू होतं. म्हणून ₹१,९५० मागा. हा आकडा दादांच्या सीएलाही पटवून देता येतो, भावनेचा भाग न आणता.

दादांकडून 'अल्पमत' म्हणून आणखी २०-२५ टक्के कापायची भाषा येईल. विकायला कठीण आहे याची किंमत आपण १६ टक्क्यांच्या दरात आधीच मोजली आहे. तीच पुन्हा वरून कापू देऊ नका. बोलणी पार फिसकटली तर हेही माहीत असू द्या: सभासदांवर अन्याय होत असल्याची तक्रार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे नेण्यासाठी भांडवलाचा दहावा हिस्सा लागतो असा समज आहे, पण एकूण सभासदसंख्येच्या एक दशांश सभासदांनाही तो हक्क आहे. नऊ सभासदांत तुम्ही एकट्याच पुरेशा ठरता. त्या वाटेवर गेलात तर मूल्यांकन नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून, 'सिक्युरिटीज किंवा वित्तीय मालमत्ता' या वर्गातल्या, करून घ्या.

शेअर कागदी असल्यास हस्तांतर एसएच-४ फॉर्मवर, मुद्रांक शुल्क मोबदल्याच्या ०.०१५ टक्के. पैसे खात्यात आल्यावरच सही केलेला फॉर्म हातातून सोडा.

आणि शेवटचं, जे सगळे विसरतात. शेअर वारशाने आले म्हणून तुमची खरेदी किंमत वडिलांचीच धरतात. त्यांनी ते १९८८ मध्ये घेतले असतील तर खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चं रास्त मूल्य घेता येतं. म्हणजे ३१ मार्च २००१ च्या ताळेबंदावर हाच सगळा हिशेब पुन्हा एकदा करावा लागेल. तो ताळेबंद पोर्टलवर मिळेलच असं नाही, वडिलांच्या फायलींत वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर टाचलेला असण्याची शक्यता जास्त. दादांशी बोलणी सुरू करण्याआधी तो शोधा; नंतर कंपनीकडे मागावा लागला तर उत्तराला वेळ लागतो.